गावापासून दूर असलेलं गेलिक मंडळ नेमकं काय करतं?

प्रश्न : आम्ही परदेशात एक मराठी मंडळ चालवतो. आमच्या शहरात स्कॉटलंडच्या गेलिक भाषकांचंही मंडळ आहे आणि त्यांनी हिवाळ्यात एखादी संध्याकाळ एकत्र साजरी करू या असं सुचवलंय. किल्ट, बॅगपाइप आणि नाच यापलीकडे हे लोक भाषेसाठी काही करतात का? आमच्या मुलांचं मराठी आटत चाललंय. त्यांच्याकडून घेण्यासारखं काही असेल तर सांगा.

उत्तर :

हो, करतात. पण ते व्यासपीठावर दिसत नाही. कार्यक्रम संपल्यावर मागच्या खोलीत कपबशा कोण विसळतंय आणि विसळताना कोणत्या भाषेत बोलणं चाललंय, ते जाऊन ऐका. तिथे गेलिक ऐकू आलं तर ते मंडळ जिवंत आहे. तिथे इंग्रजी चालू असेल, तर पुढच्या दालनात गाणी कितीही सुरेल झाली तरी भाषेचं काम अजून व्हायचंय.

मी मूळची रत्नागिरीची. नवऱ्याच्या नोकरीमुळे इंग्लंडच्या उत्तरेकडच्या एका शहरात आले आणि गेली सोळा वर्षं तिथल्या गेलिक मंडळात आहे. आधी शिकणारी होते, मग कार्यकारिणीत गेले आणि आता नवशिक्यांचा वर्ग घेते. लुईस आणि साउथ विस्ट बेटांवरून आलेल्या म्हाताऱ्या माणसांकडून ही भाषा शिकले. (स्कॉटलंडचे लोक स्वतःच्या भाषेला ‘गालिक’ म्हणतात. आयर्लंडची गेलिक हिची सख्खी बहीण, पण भाषा वेगळी. तुमचं शेजारचं मंडळ कोणतं ते आधी विचारून घ्या, कारण हा घोळ झालेला त्यांना आवडत नाही.)

आधी थोडी पार्श्वभूमी, म्हणजे ही माणसं एवढ्या निष्ठेने का जमतात ते कळेल. स्कॉटलंडच्या उत्तरेकडचा डोंगराळ भाग (त्यालाच हायलँड म्हणतात) आणि पश्चिमेची बेटं हा गेलिकचा मुलूख. अठराव्या-एकोणिसाव्या शतकात जमीनदारांनी मेंढ्यांसाठी कुळांना जमिनीवरून हुसकावलं आणि गावंच्या गावं रिकामी झाली. कुणी ग्लासगोच्या गोदीत आणि कारखान्यांत गेलं, कुणी जहाजात बसून कॅनडाला. तिथल्या नोव्हा स्कोशिया प्रांतातल्या पिक्टो बंदराला ‘हेक्टर’ हे जहाज लागलं ते १७७३ साली. मागे राहिलेल्यांच्या वाट्याला १८७२ चा शिक्षण कायदा आला. शाळा सक्तीची झाली, पण त्या कायद्यात गेलिकचा उल्लेखसुद्धा नव्हता. शाळेत आपली भाषा बोलल्याबद्दल मार खाल्लेल्यांच्या कहाण्या आमच्या मंडळातल्या जुन्या लोकांनी आपल्या आजीआजोबांकडून ऐकलेल्या आहेत. १८९१ च्या जनगणनेत स्कॉटलंडमध्ये गेलिक बोलणारे अडीच लाखांच्या आसपास होते. २०२२ च्या जनगणनेत ते सुमारे सत्तर हजार आहेत. २०११ पेक्षा हा आकडा वाढलाय, पण ही वाढ शाळांतून आणि वर्गांतून आलेली आहे. ज्या पश्चिम बेटांवर ही भाषा घराघरांत होती, तिथे बोलणाऱ्यांचं प्रमाण पहिल्यांदाच निम्म्याच्या खाली गेलं.

त्यामुळे गावाबाहेरची मंडळं ही आजची हौस नाही. लंडनची हायलँड सोसायटी १७७८ ची. हायलँडचा पोशाख घालायला कायद्याने बंदी होती, ती १७८२ साली उठवून घेण्यात तिचा हात होता. ग्लासगोत मध्यवर्ती स्टेशनचा रेल्वेपूल आर्गाइल स्ट्रीटवरून जातो. त्या पुलाखालच्या जागेला आजही ‘हायलँडवाल्यांची छत्री’ म्हणतात. परगावाहून आलेली माणसं, घरकाम करणाऱ्या मुली, गोदीतली पोरं सुटीच्या संध्याकाळी तिथे जमायची. डोक्यावर पूल म्हणून पाऊस लागत नव्हता आणि उभं राहायला पैसे पडत नव्हते. मंडळ म्हणून मला आधी तो पूलच आठवतो. त्याला अध्यक्ष नव्हता, वर्गणी नव्हती. आपल्या बेटाचं कोणीतरी भेटेल एवढी खात्री मात्र होती.

आता प्रत्यक्ष उपक्रम.

‘केली’ हा शब्द तुम्ही ऐकला असेल. लोकांना वाटतं केली म्हणजे ॲकॉर्डियनवर रांगा करून नाचणं. मूळ अर्थ शेजाऱ्याकडे रात्री गप्पांना जाणं, इतकाच. बेटांवरच्या लांब हिवाळ्यात एखाद्या घराचा लौकिक असायचा, की शेगडीभोवती माणसं तिथेच जमणार. कोणी विणकाम आणायचं, कोणी जाळी दुरुस्त करायचं आणि गोष्टी, वंशावळ्या, गाणी, भुतंखेतं असं सगळं चालायचं. त्यांच्यात एक म्हण आहे : पहिली गोष्ट यजमानाची, मग पहाटेपर्यंतच्या गोष्टी पाहुण्याच्या. आमच्या मंडळात महिन्यातून एकदा कोणाच्या तरी घरी अशी केली असते. बारा-पंधरा माणसं असतात, माइक नसतो. ज्याला जे येतं ते तो सांगतो. मला पहिल्या वर्षी फक्त हवामानाबद्दल तीन वाक्यं बोलता येत होती. मी ती तीन वाक्यं बोलले, सगळ्यांनी ऐकली आणि पुढची बाई तिच्या बोटीच्या प्रवासाकडे वळली. त्या रात्री मी पहिल्यांदा ‘गेलिक शिकणारी’ न राहता गेलिक बोलणारी झाले.

या बैठकांत नवीन माणसाला जो पहिला प्रश्न विचारतात तो मला फार जवळचा वाटतो : ‘को लेश उ?’ म्हणजे तू कुणाची? नाव नंतर विचारतात. आधी वडील कोण, आजोबा कोण, घर कोणत्या वाडीतलं. कोकणात माझ्या आजीच्या अंगणात पाय ठेवला की हाच प्रश्न यायचा, ‘तू कुणाची गो?’ तिथल्या म्हाताऱ्यांना मी माझं नाव, वडिलांचं नाव, आजोबांचं नाव असं ओळीने सांगितलं, तेव्हा त्यांचे चेहरे खुलले. त्यांचीही नावं अशीच चालतात, अमक्याचा तमका, तमक्याचा अमका. व्याकरणातही ओळखीच्या खुणा सापडतात. ‘मला मराठी येतं’ म्हणताना भाषा आपल्याकडे येते. तेही म्हणतात ‘हा गालिक अकम’, म्हणजे गेलिक माझ्यापाशी आहे. ‘हो’ आणि ‘नाही’ला त्यांच्याकडे स्वतंत्र शब्द नाहीत, क्रियापदानेच उत्तर द्यायचं. ‘आलास का?’ ‘आलो.’ मराठी माणसाला हे शिकवावं लागत नाही.

सगळ्यात जास्त वेळ मी ‘लुआघ’वर, म्हणजे गात गात कापड बडवण्यावर घालवणार आहे, कारण तुमच्या संयुक्त कार्यक्रमाला तोच सगळ्यात उपयोगी पडेल. हातमागावरून उतरलेलं लोकरी कापड विरळ आणि तेलकट असतं. ते दाट आणि ऊबदार व्हावं म्हणून ओलं करून बडवावं लागायचं. बेटांवरच्या बायका लांब फळीभोवती बसायच्या, कापड साठवून ठेवलेल्या मूत्रात भिजवलेलं असायचं (त्यातल्या अमोनियाने तेल सुटतं आणि रंग धरतो) आणि ते फळीवर आपटत, ढकलत, शेजारणीकडे सरकवत गोल फिरवायच्या. फिरवायचं ते सूर्याच्या दिशेनेच, उलटं कधीच नाही. कापड किती आटलं ते मधल्या बोटाने मोजायच्या. या कामाचा ठेका गाण्याने धरायचा. एक जण ओळ म्हणायची, बाकीच्या पालुपद उचलायच्या. पालुपदात बरेचदा अर्थाचे शब्द नसतातच, ‘हो रो’, ‘हु ओ’ असे नुसते स्वर. एकाच कापडावर एक गाणं दोनदा म्हणणं अशुभ मानत. म्हणून मोठ्या कापडाला बाईपाशी गाण्यांचा साठा हवा. शेकडो वर्षांच्या लढाया, बुडालेल्या बोटी, फसवलेल्या मुली, सरदारांची निंदानालस्ती असं सगळं या गाण्यांत टिकून राहिलं, कारण त्यांना काम होतं. आपल्या धनगरी घोंगडीला चिंचोक्याची खळ देतात, तशी या कापडाला ही गाणी देत, असं मी वर्गात सांगते.

कापड बडवण्याचं काम गिरण्यांनी केव्हाच घेतलं, पण मंडळांनी लुआघ सोडला नाही. आम्ही तीन-चार मीटर जाड लोकरी कापड घेतो, दोन्ही टोकं शिवून त्याचं कडं करतो, साध्या पाण्यात भिजवून पिळतो आणि उघड्या लाकडी टेबलाभोवती दहा-बारा जणांना बसवतो. अंगठ्या काढायच्या, बाह्या सरसावायच्या. नोव्हा स्कोशियातल्या केप ब्रेटन बेटावर पुरुषही बसतात, स्कॉटलंडच्या जुन्या रिवाजात फक्त बायका. आम्ही सगळ्यांना बसवतो.

यात भाषेच्या दृष्टीने काय घडतं ते पाहा. ज्याला काहीच येत नाही त्यालाही ‘हो रो’ म्हणता येतं. हात गुंतलेले असल्यामुळे लाज वाटायला सवड नसते. तिसऱ्या गाण्यापर्यंत तो पालुपदातले खरे शब्द पकडतो आणि वर्षभरात कधीतरी एखादी ओळ स्वतः सोडतो. वर्गात सहा महिने तोंड न उघडणारी माणसं मी त्या टेबलावर गाताना पाहिली आहेत. आणि गाणं संपून कापड पुन्हा ओलं करेपर्यंत जे दोन मिनिटांचं बोलणं होतं, पाणी दे, सरक जरा, माझ्याकडे ओढू नकोस, ते गेलिकमध्येच करायचं असा आमचा दंडक आहे. खरं शिक्षण त्या दोन मिनिटांत होतं. आपल्या जात्यावरच्या ओव्या याच जातीच्या. दोघी समोरासमोर बसून दळायच्या, एकीने ओवी सुरू करायची, दुसरीने तिच्यात सूर मिसळायचा. जातं गेलं तशा घरातून ओव्याही गेल्या. इथे मात्र कापडाचं काम गेल्यावरही टेबल हटवलं नाही, म्हणून गाणी राहिली.

गायनवृंद हे दुसरं मोठं काम. १८९१ साली ओबान गावी ‘अन कोमुन’ ही संस्था निघाली आणि पुढच्या वर्षी तिथेच पहिला ‘मॉड’ भरला, म्हणजे गेलिक गाणं, पठण, वादन यांचा स्पर्धा-महोत्सव. तो दर शरद ऋतूत वेगळ्या गावी भरतो. लंडनचा गेलिक वृंदही तिथे जाऊन गातो. मॉडमध्ये वृंदांना संगीताचे आणि गेलिकचे परीक्षक वेगवेगळे असतात आणि भाषेचे गुण स्वतंत्र मिळतात. हा नियम मला अतिशय मोलाचा वाटतो. सूर पक्का पण उच्चार कच्चा, असं चालत नाही. तरीही एक धोका उरतो : अर्थ न कळता घोकून गाणारी माणसं तयार होतात. त्यावर आम्ही काढलेला उपाय असा, की नवं गाणं हातात घेतलं की पहिली तालीम सुरांशिवाय. शब्द नुसते बोलायचे, मग प्रत्येकाने गाण्यातली हकिकत आपल्या मोडक्या गेलिकमध्ये सांगायची. चाल पुढच्या आठवड्यात. याला वेळ जातो आणि काही चांगले गळे कंटाळून सोडून जातात. जाऊ द्यावेत.

वर्ग आणि गप्पांचा गट हे तुम्हाला माहीत असलेलंच. २०१९ च्या नोव्हेंबरात ड्युओलिंगो या भाषा शिकवणाऱ्या ॲपवर गेलिक आलं आणि घरबसल्या शिकणाऱ्यांचा लोंढा आला. स्काय बेटावर १९७३ पासून साबल मोर ओस्टाइग हे गेलिक महाविद्यालय आहे, त्याचे दूरशिक्षणाचे अभ्यासक्रमही आहेत. त्यामुळे व्याकरण शिकवणं हे आता मंडळाचं मुख्य काम राहिलेलं नाही. तोंड उघडायला जागा देणं हे आहे. आमच्या गटात पहिला अर्धा तास इंग्रजी बंद. एका जन्मजात भाषकाजवळ दोनच शिकणारे बसतात, जास्त नाही. आणि सगळ्यात अवघड नियम : इंग्रजीच येणारा माणूस खोलीत आला म्हणून बाकीच्यांनी भाषा बदलायची नाही. त्याच्या शेजारी एक जण बसून हळूच अर्थ सांगतो. गेलिक माणसं पिढ्यान्‌पिढ्या सौजन्यापोटी इंग्रजीत वळत आली. दहा मराठी माणसांत एक अमराठी आला की आपण सगळे हिंदीत शिरतो, ते याच सौजन्यापोटी.

आयर्लंडच्या लोकांनी यात एक सुटसुटीत प्रकार शोधलाय. २०१६ च्या सुमारास डब्लिनमध्ये ‘पॉप-अप गेलटाख्ट’ सुरू झालं (गेलटाख्ट म्हणजे आयरिश बोलणारा मुलूख). एक पब ठरवायचा, तारीख सांगायची, आयरिश येणाऱ्या सगळ्यांनी तिथे यायचं. भाषण नाही, वर्गणी नाही, नोंदणी नाही. ते बघता बघता परदेशांतल्या शहरांत पोचलं. मला त्यात पुन्हा ग्लासगोचा पूल दिसतो.

पण भाषेसाठी सगळ्यात धाडसी काम नोव्हा स्कोशियात चाललंय असं मी म्हणेन. तिथे एकेकाळी ‘माक-ताला’ नावाचं पूर्णपणे गेलिक वृत्तपत्र निघायचं, १८९२ ते १९०४, केप ब्रेटनच्या सिडनी गावातून. नंतर पिढ्यांनी भाषा सोडली. आता तिथे ‘घरची गेलिक’ अशा अर्थाच्या नावाची एक पद्धत वापरतात. वही नाही, फळा नाही, भाषांतर नाही. स्वयंपाकघरात जमायचं, चहा करायचा, पीठ मळायचं, भांडी घासायची आणि हातातल्या वस्तूचं, चाललेल्या कृतीचं वाक्य पुन्हा पुन्हा बोलायचं. लिहिणं-वाचणं खूप नंतर. सरकारी गेलिक खात्याची एक योजनाही आहे, जिच्यात शिकणाऱ्याला जाणत्याच्या सोबतीने बराच काळ घालवता येतो. मी हा प्रकार आमच्याकडे कपबशांपासून सुरू केला. म्हणून सुरुवातीला ती खूण सांगितली.

एक चूक सांगते, तुम्हाला टाळता येईल. ती आमच्याच मंडळातली. एका वर्षी आम्ही जवळजवळ सगळा निधी वार्षिक मेजवानीवर घातला. नाचाचा वाद्यवृंद भाड्याने आणला, दोनशे पानं उठली, सगळे खूश. हिवाळ्यात वर्गाच्या खोलीचं भाडं द्यायला पैसे उरले नाहीत आणि वर्ग वसंतापर्यंत बंद पडला. अकरा जण शिकत होते, परत आले चार. त्या मेजवानीला लुईस बेटावरच्या एक आजीबाई दरवर्षी जेवणाआधीची प्रार्थना गेलिकमध्ये म्हणायच्या. टाळ्या व्हायच्या. वर्षभरात त्यांच्याशी गेलिक बोलायला मात्र कोणी जायचं नाही. ही गोष्ट माझ्या मनाला फार लागली. भाषेचा झरा समोर बसलेला आणि आम्ही त्यांच्याकडून वर्षातून चार ओळी घेत होतो.

पुढे त्या वृद्धाश्रमात गेल्या. आठवण जायला लागली तसं त्यांचं इंग्रजी विरत गेलं, तिथल्या सेविकांना वाटे त्या बरळताहेत. आम्ही पाळी लावली, आठवड्याला दोघे जण जाऊन तासभर बोलायचे. त्या मला त्यांच्या धाकट्या बहिणीच्या नावाने हाक मारत आणि गाय बांधली का विचारत. मी ‘बांधली’ म्हणून सांगे. सेविकांना आम्ही वीस शब्द लिहून दिले, पाणी, दुखतंय, थंडी, घर. अशा भेटी आज आमच्या मंडळाचा नियमित उपक्रम आहेत आणि त्यांच्याबद्दल कार्यक्रमपत्रिकेत एक ओळही नसते. त्यांच्या भाषेत ‘किअनलस’ असा शब्द आहे, गावाच्या ओढीने जीव कासावीस होणं. तुमच्या मंडळातही अशी म्हातारी माणसं असतील. मुलांच्या वर्गाआधी त्यांची यादी करा.

मुलांबद्दल खरं सांगायचं तर शनिवारच्या दोन तासांनी कोणाचंही मूल भाषा बोलू लागत नाही, गेलिकही नाही आणि मराठीही नाही. स्कॉटलंडमध्ये फरक पडला तो आधी छोट्यांच्या खेळगटांमुळे, मग १९८५ साली ग्लासगो आणि इन्व्हर्नेसमध्ये सुरू झालेल्या गेलिक माध्यमाच्या वर्गांमुळे. ग्लासगोत २००६ पासून बालवर्गापासून शालान्त परीक्षेपर्यंतची गेलिक शाळा आहे, जन्मभूमीपासून दूरच्या महानगरात. एवढं तुम्हाला परदेशात शक्य नाही. खेळगट शक्य आहे, पण त्यात आईवडिलांनी बाहेर मोबाइल बघत बसायचं नाही. आम्ही पालकांना आठवड्याला पाचच वाक्यं देतो, अंघोळीची, जोडे घालण्याची, जेवणाची. ती घरी रोज बोलायची. ज्या घरांनी ती बोलली त्यांची मुलं आज उत्तर देतात.

संयुक्त संध्याकाळसाठी बॉलिवूडचा नाच विरुद्ध हायलँडचा नाच असं करू नका, त्याने कोणालाच एकमेकांची भाषा ऐकू येत नाही. बर्न्सच्या कविताही मागू नका. तो स्कॉटलंडचा थोर कवी, पण तो इंग्रजीच्या जवळच्या स्कॉट्स भाषेत लिहायचा, गेलिकमध्ये नाही. एक लांब लाकडी टेबल मिळवा. त्यांना लुआघ बसवायला सांगा आणि तुमच्या सगळ्या माणसांना कापडाला हात लावायला लावा. मग एक जातं, नसलं तर खलबत्ता, पाटा-वरवंटा जे मिळेल ते ठेवा आणि ज्या कोणा बाईला ओव्या येत असतील तिला बसवा. पहिली ओळ तिची, बाकीची सगळ्यांनी. गाण्यांचा अर्थ आधी दोन वाक्यांत सांगा, छापील भाषांतर वाटू नका, लोक मान खाली घालून वाचत बसतात. चहा शेवटी ठेवा आणि कप कागदी आणू नका.

कार्यक्रम तुमच्या सभागृहात असेल तर त्या म्हणीप्रमाणे पहिली गोष्ट तुम्हाला सांगावी लागेल, मराठीत. पाच मिनिटांची, गावाकडची, तोंडी. ती कोण सांगणार ते या आठवड्यातच ठरवा, आणि जमलं तर त्या माणसाचं वय सत्तरच्या वर असू द्या.